गंज आणि झीज : हलक्या विमानांच्या इंजिनांचा एक उपेक्षित इतिहास



या स्मृति-व्याख्यानासाठी मला पाचारण करण्यात आले, तेव्हा मी संतवाङ्मयावर किंवा होळकरकालीन मराठी पत्रव्यवहारावर बोलेन, अशी संयोजकांची अपेक्षा असणार. अडतीस वर्षे मराठीचे अध्यापन केलेल्या माणसाकडून दुसरी अपेक्षा तरी कोणती करावी? तथापि ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते आपल्या शाळेचे दिवंगत मुख्याध्यापक आम्हांला शास्त्र शिकवीत असत, आणि तेही निखळ मराठीत. जी गोष्ट आपल्याला आपल्या भाषेत सांगता येत नाही ती आपल्याला समजलेलीच नाही, असा त्यांचा आग्रह असे. त्या आग्रहाला स्मरून मी आज माझ्या विषयाची वेस ओलांडणार आहे. हलक्या विमानांच्या इंजिनांना चढणारा गंज आणि तो रोखण्यासाठी माणसाने केलेले उपाय, हा आजचा विषय. मी अभियंता नाही. एका अभियांत्रिकी कामगाराचा धाकटा भाऊ आहे, एवढाच माझा अधिकार.

माझा थोरला भाऊ, आमचा दादा, समुद्रकाठच्या एका शहरातील फ्लाइंग क्लबमध्ये मेकॅनिक होता. १९६९ च्या दिवाळीच्या सुटीत मी इंदूरहून त्याच्याकडे गेलो होतो. पावसाळा नुकताच सरला होता. हँगरमध्ये एका 'पुष्पक' विमानाचे इंजिन उघडले होते आणि त्याचा एक सिलिंडर लाकडी बाकावर काढून ठेवला होता. दादाने बॅटरीच्या उजेडात मला आत पाहायला सांगितले. एरव्ही आरशासारखा असणारा तो पोलादी गाभा एका बाजूने तपकिरी झाला होता. पानाची पिंक पडून वाळावी तसा तो डाग दिसत होता. जून ते सप्टेंबर विमान उभेच होते. ते उभे राहून खराब होऊ नये म्हणून दर रविवारी इंजिन दहा मिनिटे जमिनीवरच चालवावे, असा वरिष्ठांचा आदेश होता.

"मग तरी कसा रे गंजला, दादा?" मी विचारले.

"अरे, तेच तर कळत नाही. दर रविवारी मीच चालवत होतो," तो म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, अपराधीपणा होता. या प्रश्नाचे उत्तर त्याला पुढे काही वर्षांनी मिळाले, आणि मला त्याच्याकडून. आजचे व्याख्यान म्हणजे त्या उत्तराचाच विस्तार आहे.

प्रथम शब्दाचा थोडा विचार करू; ती माझी खोड आहे. मराठीत लोखंडाच्या या विकाराला आपण 'गंज' म्हणतो, इंदूरच्या बाजारात त्यालाच 'जंग' म्हणतात. गव्हावर पडणाऱ्या रोगाला शेतकरी 'तांबेरा' म्हणतो. तो बुरशीचा रोग असून गंजाशी त्याचे नाते केवळ रंगाचे आहे. आयुर्वेदाने मात्र लोखंडाच्या जुन्या किटालाही उपयोगी ठरवले. त्याला 'मंडूर' असे नाव देऊन त्याचे भस्म पांडुरोगावर सांगितले. रसायनशास्त्राच्या दृष्टीने गंज म्हणजे लोह, प्राणवायू आणि पाणी यांच्या संयोगातून झालेला पदार्थ. खाणीतून ऑक्साइडच्या रूपात निघालेले लोखंड माणसाने भट्टीत घालून शुद्ध केलेले असते. संधी मिळताच ते आपल्या मूळ रूपाकडे परतू लागते. त्या परतीच्या प्रवासाचे नाव गंज.

ही संधी केव्हा मिळते, याचा पद्धतशीर अभ्यास इंग्लंडमध्ये डब्ल्यू. एच. जे. व्हर्नन यांनी १९२० आणि १९३० च्या दशकांत केला. हवेतील सापेक्ष आर्द्रता एका विशिष्ट मर्यादेच्या, सुमारे ६० टक्क्यांच्या, खाली असेल तर लोखंड जवळजवळ गंजत नाही. ती मर्यादा ओलांडली की गंजण्याचा वेग झपाट्याने वाढतो, आणि हवेत क्षार किंवा धुरातील गंधकयुक्त वायू असल्यास तो आणखी वाढतो. माळव्याच्या उन्हाळ्यात वर्षानुवर्षे स्वच्छ राहणारी सुरी कोकणात एका श्रावणात तांबूस का होते, याचे उत्तर येथे आहे.

आता विमानाकडे वळू. राइट बंधूंसाठी चार्ली टेलर या यंत्रकाराने १९०३ मध्ये जे इंजिन तयार केले, त्याची बाह्यपेटी अॅल्युमिनियमच्या मिश्रधातूची होती. वजन कमी राखण्यासाठी हे करावे लागले. अॅल्युमिनियमला तांबूस गंज चढत नाही. पण दांडा, सिलिंडर, झडपा हे घटक लोखंडाचे किंवा पोलादाचेच राहिले, कारण इतका ताण सोसणारा दुसरा परवडणारा धातू नव्हता. १७ डिसेंबर १९०३ रोजी चार उड्डाणे झाल्यावर वाऱ्याने विमान उलथले आणि इंजिनाची पेटी फुटली. गंजण्याइतके आयुष्यच त्या इंजिनाला लाभले नाही. आरंभीच्या काळात सर्वच विमानांची स्थिती कमीअधिक अशीच होती. इंजिने झिजून, तुटून संपत. गंजण्याइतका वेळ त्यांना मिळत नसे.

आपल्याकडील एक उदाहरण देतो. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा यांनी 'पुस मॉथ' हे एक-इंजिनी हलके विमान कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईच्या जुहूला आणले आणि भारतीय हवाई टपालाला आरंभ झाला. पुढे नेव्हिल व्हिन्सेंट यांनी ती टपाल बल्लारीमार्गे मद्रासला नेली. जुहूचा तळ समुद्राला लागून, सखल आणि मातीचा. पावसाळ्यात तो चिखलात बुडे. म्हणून विमाने आणि माणसे पुण्याला, येरवड्याजवळच्या मैदानावर हलवली जात. हे स्थलांतर चिखलामुळे होते, गंजामुळे नव्हे. पण त्याचा एक परिणाम माझ्या मते महत्त्वाचा आहे. ती विमाने भर पावसाळ्यातही उडत राहिली. पहिल्याच वर्षात या सेवेने सुमारे १,६०,००० मैलांचा पल्ला कापला. इतक्या नियमित चालणाऱ्या इंजिनाला गंज चढण्याची भीती फारशी राहत नाही.

गंजाची खरी समस्या उभी राहिली ती दुसऱ्या महायुद्धात. अमेरिकेत तयार झालेली इंजिने जहाजांतून, खाऱ्या हवेत, आठवडेच्या आठवडे प्रवास करून युद्धभूमीवर पोहोचत. पेटी उघडल्यावर इंजिन गंजलेले निघाले तर सारा खटाटोप व्यर्थ. तेव्हा दोन उपाय रूढ झाले. इंजिन 'प्लायोफिल्म' नावाच्या पारदर्शक, ओलावा रोखणाऱ्या आवरणात बंद करायचे, आणि आत सिलिका जेलचे दाणे ठेवायचे. हे दाणे हवेतील बाष्प शोषून घेतात. त्यांत कोबाल्ट क्लोराइड मिसळलेले असेल तर कोरडे असताना ते निळे दिसतात आणि ओलावा मुरला की गुलाबी होतात. इंजिन न उघडता नुसत्या रंगावरून आतील हवेची परीक्षा करता यावी, ही कल्पना किती साधी आणि किती सुंदर!

युद्ध संपले आणि हलक्या विमानांचे युग आले. ती हौशी माणसांच्या, शेतकऱ्यांच्या, क्लबांच्या हाती गेली. आपल्याकडेही बंगळूरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनीत डॉ. विष्णु माधव घाटगे यांच्या नेतृत्वाखाली हलक्या विमानांची आखणी झाली. कोल्हापूरच्या परिसरातून आलेल्या आणि जर्मनीत गटिंगेन येथे प्रांटल यांच्या हाताखाली संशोधन केलेल्या या मराठी शास्त्रज्ञाचे नाव आपल्या मुलांना ठाऊक असायला हवे. १९५१ मध्ये 'एचटी-२' हे शिकाऊ वैमानिकांचे विमान उडाले आणि १९५८ मध्ये 'पुष्पक'. पुष्पकाला ९० अश्वशक्तीचे कॉन्टिनेंटल इंजिन होते. भारतातील अनेक फ्लाइंग क्लबांत वैमानिकांची एक पिढी पुष्पकावर शिकली.

परंतु क्लबाचे किंवा हौशी मालकाचे विमान रोज उडत नाही. पैसे असतील, हवा चांगली असेल, दुरुस्तीचे भाग मिळाले असतील, तेव्हा ते उडते. एरव्ही उभे राहते. युद्धपूर्व इंजिने झिजून संपत, आता ती उभ्याउभ्या गंजू लागली. आपल्याकडे म्हणतात की गंजण्यापेक्षा झिजणे बरे. हलक्या विमानाच्या बाबतीत हे वचन अक्षरशः खरे आहे.

गंज नेमका कोठे चढतो, हे रचनेवर अवलंबून असते. अमेरिकेतील लायकॉमिंग कंपनीच्या चार सिलिंडरांच्या सुप्रसिद्ध इंजिनांत झडपा उघडणारा कॅमशाफ्ट मुख्य दांड्याच्या वर बसवलेला आहे. इंजिन चालू असताना त्यावर तेलाचा शिडकावा होतो. बंद झाले की ते तेल हळूहळू खाली निथळते आणि कॅमचे उंचवटे उघडे पडतात. कॉन्टिनेंटलच्या बहुतेक लहान इंजिनांत हाच कॅमशाफ्ट खाली असतो, त्यामुळे तो अधिक काळ तेलकट राहतो. मात्र सिलिंडरांचे गाभे दोन्हींतही धोक्यात असतात. इंजिन थांबते तेव्हा ज्या सिलिंडरची झडप उघडी राहते, त्यात बाहेरची दमट हवा सरळ शिरते. दादाच्या बाकावरचा तो सिलिंडर असाच दुर्दैवी होता.

कॅमवरचा गंज दिसायला क्षुल्लक असतो. पुसला तर डाग जातो, पण खाली सूक्ष्म खड्डा राहतो. कॅम आणि त्याखालचा टॅपेट यांच्यामधील दाब प्रचंड असतो. तेलाचा पातळ पडदाच दोघांना वेगळे ठेवतो. खड्ड्याच्या कडेला तो पडदा फाटतो, पृष्ठभागाच्या खपल्या निघू लागतात, पोलादाचे कण तेलात मिसळून सर्वत्र फिरतात. ज्या दिवशी बिघाड लक्षात येतो त्याच्या कितीतरी आधी, एखाद्या पावसाळ्यातील निष्क्रिय आठवड्यांत, त्याची सुरुवात झालेली असते.

आता दादाच्या प्रश्नाकडे येऊ. दर रविवारी दहा मिनिटे इंजिन चालवूनही ते का गंजले? उत्तर इंधनात आहे. एक लिटर पेट्रोल जळाले की जवळपास एक लिटर पाणी निर्माण होते. त्यातील बहुतांश वाफ नळीवाटे बाहेर जाते, परंतु काही भाग पिस्टनच्या कड्यांवरून निसटून इंजिनाच्या पोटात शिरतो. त्यातच विमानाच्या शिसेयुक्त पेट्रोलातील ब्रोमीनच्या संयुगांपासून आम्ले तयार होतात. इंजिन उड्डाणात पुरेसे तापले तर हे पाणी वाफ होऊन निघून जाते. जमिनीवर दहा मिनिटांत इंजिन तितके तापत नाही. पाणी तयार होते, पण निघून जात नाही. थंड होताना ते आतच थेंबाथेंबाने जमते. म्हणजे दादा दर रविवारी मोठ्या निष्ठेने इंजिनाला पाणी पाजत होता!

हे केवळ माझ्या भावाचे मत नव्हे. लायकॉमिंग कंपनीच्या सेवापत्रिकेत स्पष्ट सांगितले आहे की थोडा वेळ जमिनीवर इंजिन चालवणे हा उड्डाणाचा पर्याय नाही. उलट त्याने गंज वाढतो. तेलाचे तापमान सुमारे ७४ ते ९३ अंश सेल्सिअस राहील असे निदान एक तासाचे सलग उड्डाण तीस दिवसांच्या आत झाले पाहिजे, आणि दमट प्रदेशात त्याहूनही लवकर. नव्या किंवा नुकत्याच घासून घेतलेल्या सिलिंडरात तर थोड्याच दिवसांत गंज आढळल्याची उदाहरणे त्यात नमूद आहेत. सुमारे पन्नास तास चालल्यावर आतून जो रोगणासारखा थर बसतो, तो थोडेफार संरक्षण देतो. उभ्या विमानाचा पंखा हाताने फिरवण्याची जुनी सवयही घातक, कारण त्याने उरलेसुरले तेल पुसले जाते आणि नवे येत नाही.

मग ज्याला उडणे शक्यच नाही त्याने काय करावे? त्याने इंजिनाला रीतसर झोपवावे. जुने तेल काढून, एक भाग संरक्षक द्रव्य आणि तीन भाग साधे खनिज तेल असे मिश्रण भरावे. ते सर्वत्र पोहोचेपर्यंत इंजिन चांगले तापवावे. मग वरचे स्पार्क प्लग काढून प्रत्येक सिलिंडरात तेच तेल फवारावे. प्लगांच्या जागी सिलिका जेल भरलेले पारदर्शक प्लग बसवावेत. हवेची सगळी तोंडे बंद करावीत. आणि 'पंखा फिरवू नये' अशी पाटी लावावी. त्यानंतर ठरावीक दिवसांनी फक्त दाण्यांचा रंग पाहावा. गुलाबी दिसल्यास ते बदलावेत. खरे चालवणे किंवा खरे झोपवणे, हे दोनच मार्ग सुरक्षित आहेत. मधला मार्ग मनाचे समाधान करतो आणि धातूचा नाश करतो.

धातूलाच कवच देण्याचे प्रयत्नही झाले. सिलिंडरांच्या आत क्रोमियमचा मुलामा देण्याची पद्धत निघाली. तो गंज चांगला रोखतो. अशा सिलिंडरांवर नारिंगी रंगाची खूण करतात, तर नायट्रोजनच्या प्रक्रियेने कठीण केलेल्यांवर निळी. हे कठीण केलेले सिलिंडर झिजेला दाद देत नाहीत, पण गंजाला लवकर बळी पडतात. झीज आणि गंज यांवरचा उपाय एकच नसतो, हे येथे ध्यानात येते.

दुसरे कवच फॉस्फेटचे. इंग्लंडमध्ये टॉमस कॉस्लेट यांनी १९०६ मध्ये लोखंडावर फॉस्फेटचा थर चढवण्याचे पेटंट घेतले आणि पुढे अमेरिकेत पार्कर यांच्या कंपनीने ती रीत रूढ केली. हा करडा, सच्छिद्र थर तेल धरून ठेवतो. येथे मला दिल्लीच्या लोहस्तंभाची आठवण होते. गुप्तकाळातील, सात मीटरांहून उंच आणि सहा टनांहून जड असा हा स्तंभ सोळाशे वर्षांनंतरही फारसा गंजलेला नाही. कानपूरच्या आयआयटीतील प्रा. आर. बालसुब्रमण्यम यांनी २००० च्या सुमारास त्याचे कारण विशद केले. त्या लोखंडात फॉस्फरसचे प्रमाण अधिक आहे आणि ऊन-पावसाच्या चक्रांतून त्याच्या पृष्ठभागावर फॉस्फेटचा एक पातळ संरक्षक थर आपोआप तयार झाला आहे. प्राचीन लोहारांना हे रसायनशास्त्र ठाऊक होते असा दावा मी करणार नाही. त्यांच्या भट्टीच्या पद्धतीने फॉस्फरस लोखंडात राहिला, एवढेच म्हणता येते. पण निसर्गाने तेथे जे सावकाश घडवले तेच कॉस्लेट यांनी द्रावणात बुडवून थोड्या वेळात साधले, हे साम्य मननीय आहे.

आता एकदा चढलेल्या गंजावर उपचार कोणता? बाहेरच्या नळ्या, कंस अशा कमी ताणाच्या भागांवरचा गंज घासून, प्राथमिक रंग देऊन भागते. सिलिंडरातील हलका गंज मापात राहून घासून काढता येतो. कॅमच्या उंचवट्यावर खड्डा पडला असेल तर पॉलिश पेपर हातात घेणे म्हणजे आत्मवंचना. तो कॅमशाफ्ट रीतसर पुन्हा घासून घ्यावा लागतो किंवा बदलावा लागतो. घरगुती वापरातील गंज काढणारी आम्लेही येथे चालत नाहीत, कारण आम्लातून निघणारा हायड्रोजन उच्च ताकदीच्या पोलादात शिरून त्याला ठिसूळ करतो. डाग जातो आणि तडा येतो.

सर्वांत गंभीर गंज असतो तो न दिसणारा. स्थिर पंख्याच्या लायकॉमिंग इंजिनांत मुख्य दांड्याचे पुढचे टोक आतून पोकळ असते. त्या पोकळीच्या भिंतीवर गंजाचे खड्डे पडून तेथून तडे जातात आणि दांडा तुटू शकतो, म्हणजे पंखाच निखळतो, हे लक्षात आल्यावर अमेरिकेच्या विमानवाहतूक प्रशासनाने १९९८ मध्ये त्या पोकळीची तपासणी बंधनकारक केली. बाहेरून चकचकीत असणाऱ्या दांड्याच्या पोटात गंज असावा आणि त्याचा पत्ता आकाशात लागावा, याहून भयंकर काय असेल?

मित्रहो, दादा २०११ साली गेला. निवृत्तीनंतर तो आमच्याकडे इंदूरला राहात असे. त्याच्या कपाटात सिलिका जेलच्या दाण्यांची एक छोटी डबी होती. पावसाळ्यात दाणे गुलाबी झाले की तो ते तव्यावर तापवून पुन्हा निळे करी आणि माझ्या पुस्तकांच्या कपाटात ठेवी. १९६९ च्या त्या इंजिनाची गोष्ट निघाली की तो म्हणे, "आळसाने नाही रे गंजलं ते, अर्धवट काळजीने गंजलं." हे वाक्य मी विसरू शकत नाही.

मी भाषेचा माणूस असल्यामुळे शेवटी एक गोष्ट बोलल्यावाचून राहवत नाही. महाराष्ट्रापासून दूर राहणाऱ्या आपल्या घरांत मराठीची काळजी पुष्कळ घेतली जाते. गणेशोत्सवात दहा दिवस नाटुकली होतात, स्पर्धा होतात, आणि मग वर्षभर ती भाषा हँगरमध्ये उभी राहते. माझ्या स्वतःच्या नातवंडांबाबत मीही याहून वेगळे काही केलेले नाही, हे कबूल करतो. हा दर रविवारचा दहा मिनिटांचा खेळ आहे. भाषेला तापेपर्यंत चालवावे लागते. गणित, शास्त्र, बाजार, भांडण, हिशेब असे सारे काही तिच्यातून करावे लागते. त्याने ती झिजेल, तिच्यात बाहेरचे शब्द शिरतील, शिरू देत. झिजलेला भाग दिसतो आणि बदलता येतो. आतून चढणारा गंज मात्र दिसत नाही.

शास्त्र मराठीत शिकवणाऱ्या आपल्या मुख्याध्यापकांनी हे इंजिन कधी थंड पडू दिले नाही. त्यांच्या स्मृतीला वंदन करून मी येथेच थांबतो.